मिठाचा हिशेब

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, अशी आज्ञा आमच्या कार्यवाह भगिनींनी केली, तेव्हा मी पेचात पडले. राजेरजवाड्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण पन्नास वर्षे मी स्वयंपाकघरात वावरते आहे आणि तिथल्या एका बरणीला मोठा इतिहास आहे, एवढे मला ठाऊक आहे. ती बरणी मिठाची.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हा ती अठरा वर्षांची, नुकती सासरी आलेली होती. तिने स्वतः काही कायदा मोडला नाही. उंबऱ्याबाहेर पडायचीच चोरी होती. पण सत्याग्रहींनी उचललेल्या मिठातली एक पुडी कोणीतरी घरी आणून दिली आणि ती पुढे कित्येक वर्षे आमच्या देवघरात होती. पावसाळ्यात तिला पाणी सुटे. मग आजी ते मीठ उन्हात वाळवी आणि नव्या कागदात बांधून पुन्हा जागेवर ठेवी. "हे खायचं नव्हे, हे मिळवलेलं मीठ," असे ती आम्हा नातवंडांना सांगे.

आजच्या मुलींना यातले काही समजायचे नाही. समुद्र दारात असून मीठ करायची बंदी, ही गोष्टच त्यांना खोटी वाटते. पण १८८२ च्या कायद्याने मिठाची सारी सत्ता सरकारच्या हाती होती. १९२३ साली कर दुप्पट करून मणाला अडीच रुपये केला; ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी तो सव्वा रुपयावर आणला. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. मी एकदा बसून हिशेब केला. माणशी वर्षाला पाच किलो मीठ धरले, तर पाच माणसांच्या घराला नुसत्या करापायी तेरा-चौदा आणे पडत. ज्या घरात मीठभाकरीवर दिवस निघे, त्या घरालाही तेवढेच.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीला त्यांनी मीठ उचलले. त्यांच्याबरोबर निघालेल्या ७८ जणांत एकही स्त्री नव्हती, हे मला अजून खटकते. पण बायका थांबल्या नाहीत. मुंबईच्या किनाऱ्यावर अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय कायदा मोडायला पुढे झाल्या. कमलादेवींनी तर मिठाच्या पुड्या भर शहरात विकल्या. मिठावरचा कर उठला तो १९४७ साली.

गंमत अशी की, ज्यांनी मिठासाठी सारा देश उठवला, त्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना स्वतः मीठ सोडले होते. 'सत्याचे प्रयोग'मध्ये ती हकिगत आहे. कस्तुरबांना वरचेवर रक्तस्राव होई, म्हणून गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायचा सल्ला दिला. बा म्हणाल्या, तुम्हाला कोणी सांगितले तर तुम्हीसुद्धा सोडणार नाही. झाले! गांधीजींनी तिथल्या तिथे दोन्ही गोष्टी वर्षभरासाठी सोडल्या. बांनी रडून विनवले, पण ते ऐकेनात. हा प्रसंग वाचताना माझे मन नेहमी बांच्या बाजूने जाते. आजारी बाईवर असा डाव टाकावा काय? तरीही त्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली आणि ती फार पुढे उपयोगी पडली.

सहा वर्षांपूर्वी आमच्या 'ह्यां'चा रक्तदाब एकदम वाढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावले, मीठ कमी करा. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर ताण पडतो, असे त्यांनी समजावून सांगितले. ही समज तशी जुनी. पॅरिसमध्ये अंबार आणि बोझार या दोघांनी १९०४ मध्येच मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध दाखवला होता. पुढे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले डॉ. वॉल्टर केंपनर यांनी १९३९ पासून ड्यूक विद्यापीठात रक्तदाबाच्या अत्यवस्थ रोग्यांना नुसता बिनमिठाचा भात, फळे आणि साखर यांवर ठेवले. त्या काळी या रोगावर धड औषध नव्हते, आणि त्यांचे कित्येक रोगी सुधारले. असले जेवण महिनोन्‌महिने खाणाऱ्यांची मात्र मला कीव येते.

कीव यायचे कारण घरातच होते. मी ह्यांच्यासाठी वेगळी अळणी भाजी, वेगळे वरण करू लागले. आम्ही तिघे चवीचे खात आहोत आणि घरचा कर्ता माणूस ताटाकडे बघून गप्प बसला आहे, असे रोजचे दृश्य! पंधरा दिवसांनी मला कळले की हे संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन भजी खाऊन येतात. भांडण झाले. शेवटी सूनच म्हणाली, "आई, वेगळं कशाला? आपण सगळेच कमी खाऊ." मला आफ्रिकेतली ती हकिगत आठवली.

मग मी आजीसारखा हिशेब मांडला. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट छोटा चमचाभर. आपल्या देशात त्याच्या दीडपट-दुप्पट खाल्ले जाते, आणि त्यातले बहुतेक घरच्या स्वयंपाकातून. तेव्हा दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नाही. मी मिठाच्या नव्या पिशवीवर फोडल्याची तारीख लिहिली. चार माणसांत किलोची पिशवी चोवीस दिवसांत संपली! दिवसाला माणशी दहा ग्रॅमच्या वर, लोणचे-पापड-फरसाण वेगळे. खरे म्हणजे ती पन्नास दिवस तरी पुरायला हवी.

हे झाले कसे, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. आजीच्या बरणीत जाडे मीठ असे. खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून चमच्यात ते वजनाला कमी बसते. पुढे पिशवीतले बारीक मीठ आले, पण चमचा आणि हात तेच राहिले. मी चाळीस वर्षे आजीच्या मापाने बारीक मीठ घालत होते!

प्रथम ताटातले वाढीव मीठ बंद केले. पूर्वी मिठाला ताटात पहिला मान. तो काढताना मलाच चुकल्यासारखे झाले. मग भाताचे आणि कणकेतले मीठ गेले. आमटीतले एकदम न तोडता दर पंधरवड्याला थोडे थोडे उतरवले आणि त्या जागी कोकम, लिंबू, जिरे, ओले खोबरे वाढवले. दोन-तीन महिन्यांत जीभ वळते, हा माझा अनुभव. आता बाहेरची भाजी ह्यांनाच खारट लागते. पिशवी चाळीस दिवसांवर आली आहे. पन्नास अजून दूर आहेत, आणि भज्यांचे काय झाले ते मी विचारत नाही.

काही भगिनी सैंधव वापरून निश्चिंत होतात. सैंधव हेही मीठच, आणि त्यात वरून घातलेले आयोडीन बहुधा नसते. गलगंड टळावा म्हणून मिठात आयोडीन घालायचा कार्यक्रम आपल्याकडे १९६२ मध्ये सुरू झाला. तेव्हा मीठ थोडे वापरा, पण आयोडीनचे वापरा. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

आपल्या मंडळाच्या उडदाच्या पापडांबद्दल मी गेल्या सभेत बोलले, तेव्हा बराच गलका झाला. मीठ आणि पापडखार कमी केला तर पापड टिकणार नाहीत, असे जाणत्या बायकांचे म्हणणे. ते अगदीच चूक नाही. म्हणून यंदा एकच घाणा कमी मिठाचा करून बघायचे ठरले आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मापाचा छोटा चमचा द्यावा, अशीही सूचना मी मांडली. त्यावर अजून एकमत नाही. वाण म्हणून चमचा फारच लहान दिसतो, असे दोघीतिघींना वाटते.