चाळीस नंबर



आपल्या सुरतकर मराठी कुटुंबांच्या आठवणींत आत्तापर्यंत गणेशोत्सव, शाळा, जुनी घरं, २००६ चा तापीचा पूर असं बरंच काही लिहून झालं. मी आज लिहिणार आहे ती वस्तू आपल्याकडे दोरीवर वाळत घालतानासुद्धा साडीखाली झाकतात. तिला आजी चोळी म्हणायची, आई बॉडी म्हणायची, आम्ही ब्रा म्हणतो, तेही हळू आवाजात. पुरुषमंडळींनीही वाचावं. तुमच्याही घरात आई, बायको, मुलगी आहे.

माझे आजोबा गायकवाडी अमलात नवसारीला कारकून होते. वडील सुरतेला आले आणि आम्ही गोपीपुऱ्यात वाढलो. आजी शेवटपर्यंत नऊवारीत. तिच्या चोळ्या ती स्वतः शिवायची. २००६ च्या पुरानंतर चिखलाने भरलेली ट्रंक उपसताना तिची एक खणाची चोळी सापडली. धुतली, वाळवली आणि पहिल्यांदाच नीट बघितली. छातीला जागा मिळावी म्हणून तुकडे वेगळे कापून जोडलेले, खाली घट्ट पट्टी, पुढे गाठ. अंग कमी-जास्त झालं की गाठ सैल किंवा घट्ट करायची. आजी अंगाने भरलेली होती, पण पाठ दुखते म्हणून तिने कधी तक्रार केलेली मला आठवत नाही.

आईच्या काळात चोळी जाऊन झंपर आला. त्याच्या आत घालायची बॉडी ती पांढऱ्या कापडाची घरीच मशीनवर शिवायची. मी तेरा-चौदा वर्षांची झाले आणि भराभर वाढले. शाळेत खो-खोच्या संघात होते. धावताना मुलं बघतात, हे माझ्याआधी आईच्या लक्षात आलं. ती एवढंच म्हणाली, "आता पुरे झालं ते धावणं." खो-खो तिथेच संपला. मग ती मला चौटा बाजारात घेऊन गेली. काउंटरमागच्या काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, लगेच मान खाली घातली, आणि "बेन, चालीस नंबर लई जाव" म्हणत खोकं पुढे सरकवलं. टेप नाही, घालून बघणं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं आईने पिशवीच्या तळाशी घातलं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं मी चाळीस नंबरच घेत आले.

आता थोडा इतिहास, कारण चूक त्या काकांची एकट्याची नव्हती. १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन रुमाल आणि रिबिनीपासून बनवलेल्या ब्राचं अमेरिकेत पेटंट घेतलं. ती बिनआधाराची, सपाटच होती. १९२२ च्या सुमारास तिथेच आयडा रोझेन्थाल आणि तिच्या भागीदारांनी वाटी असलेली ब्रा बाजारात आणली. १९३२ मध्ये कॅम्प कंपनीने ए, बी, सी, डी ही अक्षरं वापरायला सुरुवात केली, आणि १९३७ मध्ये वॉर्नर कंपनीनेही ती घेतली. म्हणजे तेव्हापासून माप दोन भागांत झालं: आकडा छातीखालच्या पट्ट्याचा, अक्षर वाटीचं. आपल्याकडच्या लहान दुकानांत मात्र आकडाच पोचला, अक्षर वाटेतच राहिलं. छाती मोठी असेल तर वाटी मोठी द्यायची, ते सोडून आकडा वाढवून द्यायचे. त्याने पट्टा सैल व्हायचा आणि वाटी तरी अपुरीच पडायची.

मी कॉमर्सची, म्हणून माझ्या भाषेत सांगते. रक्कम बरोबर असून चुकीच्या खात्यात लिहिली, तरी ट्रायल बॅलन्स जुळतो. सगळं ठीक दिसतं, आणि चूक वर्षानुवर्षं पुढच्या पानावर ओढली जाते.

माझी चूक खांद्यांनी भरली. १९७३ साली बँकेत लागले तेव्हा शाखेत आम्ही दोघीच बायका. काउंटरवर पदर घट्ट लपेटून, खांदे पुढे पाडून बसायची सवय लागली ती कायमची. संध्याकाळी खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ दिसायचे. पुढे तिथे खाचाच पडल्या. उन्हाळ्यात छातीखाली घामोळं. मानदुखी झाली तर म्हटलं, लेजर लिहून लिहून झाली असेल. डॉक्टरांना बाकी सगळं सांगितलं, हे सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली.

आणि गाव कुठलं, तर सुरत! रिंग रोडच्या मार्केटात दिवसरात्र कापड मोजलं जातं, मीटरच्या आत सेंटीमीटर चुकला तरी वाद होतो. मी स्वतः कापड व्यापाऱ्यांच्या कर्जाच्या फायली तपासल्या, त्यांच्या गोदामातला माल मोजून घेतला. माझं स्वतःचं माप मात्र कुणी घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

२०२२ मध्ये नातीने घेतलं. ती बास्केटबॉल खेळते. सुट्टीत आली होती, माझी पाठ चोळताना खाचा बघून म्हणाली, "आजी, तुझी साईझ काय गं?" मी म्हटलं, चाळीस. ती म्हणाली, "चाळीस काय? पुढे?" पुढे काही असतं हेच मला माहीत नव्हतं. शिवणाच्या मशीनच्या खणातून तिने टेप काढली. छातीखाली, श्वास सोडून, टेप घट्ट आणि सरळ: ३६. छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी, टेप न आवळता: ४१. फरक पाच इंच. एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. काही कंपन्या त्यालाच ई म्हणतात. म्हणजे मी ३६ डीडी. घालत होते चाळीस बी. पट्टा चार इंच सैल, म्हणून सगळा भार खांद्यांवर. खरं तर भार पट्ट्याने पेलायचा असतो, आजीच्या चोळीतल्या त्या खालच्या पट्टीसारखा.

आता मोठ्या शहरांत माप घेणाऱ्या बायका असलेली दुकानं आहेत. २०११ मध्ये रिचा कर यांनी बेंगळुरूमधून झिवामे सुरू केल्यापासून घरबसल्या मागवायचीही सोय झाली. नातीने मागवलेल्या चारातल्या तीन परत केल्या, चौथी बसली. कशी ओळखायची, तेही तिने शिकवलं. मागचा पट्टा वर चढता कामा नये, पुढून-मागून एका रेषेत हवा. दोन वाट्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. काखेकडून काही बाहेर येता कामा नये. खांद्याचे पट्टे रुंद हवेत. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक सैल पडलं की आतले हुक लावता येतात. आणि सुरतेच्या दमट हवेत अंगाला लागणारं कापड सुती असलेलं बरं.

मानदुखी पूर्ण गेली असं म्हणणार नाही, वय आहे. पण संध्याकाळी खांदे ठणकायचे थांबले. त्या रात्री मात्र झोप आली नाही. माझी मुलगी बाराव्या वर्षापर्यंत छान पोहायची. तिला त्याच बाजारात मीच नेलं होतं. दुकानदाराने विचारायच्या आधी मीच "चाळीस द्या" म्हटलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तिने पोहणं सोडलं. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, टेप घेऊनच ये इकडे."

ताईंनो, काकूंनो, ज्यांच्या घरी शिवणाची टेप आहे त्यांनी आज पाच मिनिटं काढावीत. लेकीचं, सुनेचं, आणि आधी स्वतःचं माप घ्यावं. कुणाकडे आजीची जुनी चोळी जपून ठेवलेली असेल, तर तिची शिवण उलटून बघा आणि कशी कापली आहे ते इथे जरूर लिहा.