मिस्टरी स्काईप

मिस्टरी स्काईप हा दोन वेगवेगळ्या शाळांतील वर्गांनी व्हिडिओ कॉलवरून खेळावयाचा सामूहिक शैक्षणिक खेळ आहे. परस्परांना अपरिचित असलेले दोन वर्ग आंतरजालावरून जोडले जातात आणि समोरचा वर्ग कोणत्या ठिकाणचा आहे, हे प्रत्येक वर्गाने दुसऱ्याच्या आधी ओळखावयाचे असते. त्यासाठी केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल, असेच प्रश्न विचारण्याची मुभा असते. दोन्ही शिक्षकांना ठिकाणे ठाऊक असतात; मुलांना ती सांगितलेली नसतात. भूगोलाची उजळणी हा खेळाचा वरवरचा हेतू असला, तरी संघकार्य आणि संवादकौशल्य यांचा सराव हेच त्याचे मुख्य फलित मानले जाते.

नाव व इतिहास

स्काईप ही सेवा २००३ साली सुरू झाली आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. शाळांना परस्परांशी जोडण्यासाठी ‘स्काईप इन द क्लासरूम’ हा उपक्रम राबवला गेला. त्यातून या खेळाचा जगभर प्रसार झाला आणि सेवेचे नावच खेळाला चिकटले. ५ मे २०२५ रोजी स्काईप बंद झाले. खेळ मात्र त्या सेवेवर अवलंबून नव्हता. झूम, गूगल मीट, टीम्स अशा कोणत्याही माध्यमावर तो खेळता येतो. खेळाचा गाभा त्याहून जुना, ‘वीस प्रश्न’ या घरगुती खेळाचा आहे. एकाने मनात वस्तू धरायची आणि इतरांनी प्रश्न विचारून ती ओळखायची, ही रीत मराठी घरांतही परिचित आहे.

खेळण्याची पद्धत

एक डाव साधारणतः पाऊण ते एक तास चालतो. दोन्ही वर्ग आळीपाळीने प्रश्न विचारतात. प्रत्यक्ष पडद्यासमोर दोन-तीनच मुले असतात. उरलेला वर्ग त्यांच्या मागे काम करत असतो. प्रश्नकर्ते प्रश्न मांडतात आणि उत्तरदाते समोरच्या प्रश्नांना उत्तरे देतात. नकाशावाचक भिंतीवरच्या नकाशावर व अ‍ॅटलासमध्ये बाद झालेले प्रदेश खोडत जातात. नोंदकार प्रत्येक प्रश्न व उत्तर फळ्यावर लिहितात, एक गट त्यांवरून पुढचा प्रश्न ठरवतो आणि निरोपे ही माहिती एका गटाकडून दुसऱ्याकडे पोहोचवतात.

या श्रमविभागणीमुळे एकट्या हुशार मुलाला डाव जिंकता येत नाही. नकाशावाचकाने खोडलेला प्रदेश प्रश्नकर्त्याला कळला नाही, तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला जातो आणि पाळी वाया जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ साली ऑस्टिन येथील शाळांत सुरू केलेल्या ‘जिगसॉ’ वर्गपद्धतीचे तत्त्व याच्याशी जुळते. त्या पद्धतीत प्रत्येक मुलाकडे माहितीचा एकच तुकडा असतो आणि तो इतरांना नीट समजावून सांगितल्याशिवाय कोणाचेच काम पुरे होत नाही.

प्रश्नांचे गणित

उत्तम प्रश्न उरलेल्या शक्यता निम्म्यावर आणतो. भारतात २८ राज्ये व ८ केंद्रशासित प्रदेश, म्हणजे एकूण ३६ घटक आहेत. दर प्रश्नाने शक्यता निम्म्या होत गेल्या, तर सहा प्रश्नांत राज्य निश्चित होते. महाराष्ट्राचे जिल्हेही ३६ असल्याने जिल्हा ओळखण्यास तेवढेच प्रश्न पुरतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सदस्य देशांतून एक देश शोधण्यास आठ. याउलट ‘तुम्ही पुण्याचे आहात का?’ असा थेट अंदाज चुकला, तर छत्तीसपैकी एकच शक्यता कमी होते. लहान मुले सुरुवातीला असे अंदाजच फेकतात. त्यांच्याकडून ही सवय सुटणे हे खेळ रुजल्याचे पहिले लक्षण समजण्यास हरकत नाही.

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण

महाराष्ट्रातील दोन मराठी शाळांमध्ये डाव रंगला आहे आणि एक शाळा भंडारा जिल्ह्यातील आहे, असे मानल्यास प्रश्नांची मालिका पुढीलप्रमाणे असू शकते. ‘तुमचा जिल्हा विदर्भात आहे का?’ याला होकार मिळताच ३६ पैकी ११ जिल्हे उरतात. ‘तुमच्या जिल्ह्याची सीमा मध्य प्रदेशाला लागते का?’ या प्रश्नाने बुलढाणा, अमरावती, नागपूर, भंडारा व गोंदिया हे पाच राहतात. ‘भात हे तुमच्या जिल्ह्याचे मुख्य पीक आहे का?’ या प्रश्नानंतर भंडारा व गोंदिया हे दोनच उरतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातूनच वेगळा झाल्याने निसर्ग, शेती व बोली यांवरून त्या दोघांत भेद करणे कठीण असते. ‘तुमचा जिल्हा छत्तीसगडला लागून आहे का?’ या प्रश्नाला नकार आला की भंडारा निश्चित होतो. तालुका ओळखायचा असल्यास सात तालुक्यांसाठी आणखी तीन प्रश्न पुरेत. तुमसरच्या मँगनीज खाणी किंवा पवनीजवळील गोसेखुर्द धरण येथे खुणा म्हणून उपयोगी पडतात.

हा डाव फसतो तो बहुधा भूगोलामुळे नव्हे, तर शब्दांमुळे. ‘तुमच्याकडे समुद्र आहे का?’ या प्रश्नाला भंडाऱ्यातील मूल सहज ‘नाही’ म्हणेल, कारण त्याच्या आसपास समुद्र नाही. मात्र समोरच्या वर्गाने हा प्रश्न राज्याविषयी विचारला असेल, तर त्यांच्या नकाशावरून महाराष्ट्रच खोडला जाईल आणि दोन्ही वर्ग खरे बोलूनही डाव भरकटेल. प्रश्न गावाविषयी आहे, जिल्ह्याविषयी की राज्याविषयी, हे आधी स्पष्ट करून घेण्याची गरज मुलांना अशा गोंधळातूनच उमगते.

बोलीचाही प्रश्न येतो. झाडीबोलीच्या या प्रदेशात उभ्या पिकाला ‘धान’ म्हणतात, तर कोकणातल्या मुलाच्या तोंडी त्यासाठी ‘भात’ हा शब्द असतो. शेतातील लहान जलसाठ्याला येथे ‘बोडी’ म्हणतात आणि मालगुजारी काळातील तलावांना ‘मामा तलाव’. जिल्ह्याबाहेरील मुलांना हे शब्द अपरिचित असतात. डाव संपल्यावरच्या मोकळ्या गप्पांत त्यांचा अर्थ सांगावा लागतो, तेव्हा आपली बोली न लपवता ती दुसऱ्याला समजेल अशी मांडण्याचा सराव होतो.

महाराष्ट्रातील संबंधित प्रयत्न

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी व्हिडिओ कॉलवरून परदेशांतील वर्गांसाठी आभासी सहली घेतल्या. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या उपक्रमातून त्यांनी भारत-पाकिस्तानसह परस्परांशी तणावाचे संबंध असलेल्या देशांतील मुलांना संवादासाठी जोडले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाले. त्यातील १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीतील कालकाजी येथे भिंतीत संगणक बसवून केलेल्या प्रयोगात, एका पडद्याभोवती जमलेली मुले परस्परांकडून शिकतात, असे दिसून आले होते. २०१३ च्या टेड पारितोषिकातून उभ्या राहिलेल्या त्यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’ प्रयोगशाळांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे होती. मिस्टरी स्काईपसाठीही वर्गाला एकच पडदा पुरतो. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतंत्र उपकरण दिल्यास उलट गटच मोडतो.

अडचणी व मर्यादा

जाळ्याची गती अपुरी असेल, तर आवाज तुटतो आणि ‘होय’-‘नाही’ यांतच गफलत होते; म्हणून उत्तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरण्याची सोय ठेवतात. वेळेचा मेळ ही दुसरी अडचण. भारतात सकाळचे ८ वाजलेले असतात, तेव्हा हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. इंग्रजीचा सराव नसलेल्या वर्गाने आधी राज्यातील मराठी शाळेशी डाव मांडणे सोयीचे ठरते. परदेशी वर्गाशी खेळताना पडद्यासमोर नेहमी तीच दोन इंग्रजी बोलणारी मुले बसवली जातात. अशा वेळी इतरांसाठी हा खेळ केवळ पाहण्याचा कार्यक्रम होतो. भूमिका दर डावाला बदलणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

खेळाविषयीचे लेखन बव्हंशी शिक्षकांच्या अनुभवकथनाच्या स्वरूपाचे आहे. एखाद्या डावाने मुलांची कौशल्ये कायमची वाढतात, असा दावा त्यावरून करता येत नाही.

सुरक्षितता

मुलांची पूर्ण नावे व घरचे पत्ते सांगू नयेत, असा संकेत आहे. गणवेशावरील शाळेचे बोधचिन्ह किंवा मागच्या भिंतीवरील फलक झाकतात. त्याने ठिकाणाचे गूढही टिकते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. त्यामुळे डावाचे चित्रीकरण करण्यापूर्वी पालकांची लेखी परवानगी घेणे इष्ट असते.

इतर प्रकार

ठिकाणाऐवजी प्राणी किंवा संख्या ओळखण्याचे प्रकारही खेळले जातात. प्राथमिक वर्गांसाठी संख्येचा प्रकार सोपा पडतो. १ ते १००० मधील कोणतीही संख्या दहा प्रश्नांत निश्चितपणे ओळखता येते. पहिला प्रश्न ‘ती ५०० पेक्षा मोठी आहे का?’ हा असतो.