अडीच तोळ्यांचा आयफोन: २००८ साली नक्की स्वस्त काय होतं?

आज एक जुना वाद उकरून काढायचाय.

२२ ऑगस्ट २००८. या दिवशी आयफोन पहिल्यांदा अधिकृतपणे भारतात विकायला आला. मॉडेल होतं आयफोन थ्रीजी. एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्यांनी तो आणला. ८ जीबीचा ३१,००० रुपयांना आणि १६ जीबीचा ३६,१०० ला. लगेच ओरड सुरू झाली, की अमेरिकेत हाच फोन १९९ डॉलरला मिळतो! डॉलर तेव्हा साधारण ४३ रुपयांचा. म्हणजे तिकडे साडेआठ हजार आणि इकडे एकतीस हजार. लूटच की भो!

पण थांबा. जरा हिशेब करू. अमेरिकेतला तो १९९ चा आकडा एटी अँड टी कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासोबत होता. कमीत कमी प्लॅन कॉल आणि डेटा मिळून महिन्याला ७० डॉलरच्या घरात. २४ महिन्यांचे झाले १,६८०. त्यात फोनचे १९९ मिळवा. १,८७९ डॉलर, म्हणजे जवळपास ८१,००० रुपये. आपल्याकडे असा करार नव्हता. फोनचे ३१,००० आणि समजा महिन्याला ५०० रुपयांचा रिचार्ज धरला, तर दोन वर्षांचे ४३,०००. म्हणजे रुपयांत बघितलं तर भारतातला आयफोन जवळजवळ निम्म्यात पडत होता!

मग लूट नव्हती म्हणायचं का? इथे दुसरा हिशेब येतो. अमेरिकेचं दरडोई उत्पन्न तेव्हा वर्षाला साधारण ४८ हजार डॉलर. त्यांना हा सगळा खर्च म्हणजे सरासरी दोन आठवड्यांची कमाई. भारताचं दरडोई उत्पन्न वर्षाला ४० हजार रुपयांच्या आसपास. आपल्याला तोच खर्च वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त. फोन तोच, आकडे खरे, पण तिकडे पंधरवडा आणि इकडे वर्ष.

आता आपण पडलो जळगावकर. आपली फूटपट्टी ठरलेली: सोनं. २००८ साली सोनं तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, बारा हजारांच्या आसपास होतं. म्हणजे ८ जीबीचा आयफोन साधारण अडीच तोळ्यांना पडला. २०२५ मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला. तेव्हा सराफ बाजारात गेलेल्यानं काय कमावलं हे मी सांगायला नको. पण सोनं घेऊन कुणी फोन लावत नाही, त्यामुळे खरी तुलना फोनची फोनशीच करायला हवी.

समोर उभा होता नोकिया एन९५. हा २००७ मध्ये बाजारात आला. कॅमेरा ५ मेगापिक्सेल, फ्लॅशसकट. व्हिडिओ निघायचा. जीपीएस, वायफाय, एमएमएस, मेमरी कार्ड, बॅटरी काढून बदलता यायची. आयफोन थ्रीजीचा कॅमेरा २ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही. व्हिडिओ नाही, एमएमएस नाही, मेमरी कार्ड नाही. आणि गंमत म्हणजे मजकूर कॉपी-पेस्टसुद्धा करता येत नव्हता! कागदावर दोन रकाने आखून टिक करत गेलात तर नोकिया सरळ जिंकतो. त्या काळी नोकिया घेणारा माणूस अजिबात चुकला नव्हता.

त्यात आणखी एक विनोद. फोनच्या नावातच थ्रीजी, पण ज्या दोन कंपन्या तो विकत होत्या, त्यांच्याकडे थ्रीजी नेटवर्कच नव्हतं! देशात पहिलं थ्रीजी सरकारी एमटीएनएलनं डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत सुरू केलं. खासगी कंपन्यांसाठी स्पेक्ट्रमचा लिलाव झाला २०१० च्या एप्रिल-मे मध्ये. त्यात सरकारला ६७ हजार कोटींच्या वर मिळाले. आणि खासगी थ्रीजी प्रत्यक्ष सुरू झालं नोव्हेंबर २०१० मध्ये. सव्वादोन वर्षं नावातलं थ्रीजी नावापुरतंच. एन९५ मध्येही थ्रीजी होतं, तेही तितकंच उपाशी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे घेतले, ती वापरता येणं फोनच्या हातात नव्हतंच.

मग आयफोनमध्ये होतं काय? मोठी टचस्क्रीन, बऱ्यापैकी खरं इंटरनेट दाखवणारा ब्राउझर आणि जुलै २००८ मध्ये सुरू झालेलं ॲप स्टोअर. तेव्हा त्यात ॲप्स होती फक्त पाचशेच्या आसपास. टिक करायच्या तक्त्यात ॲप स्टोअरला एकच रकाना मिळाला असता, मेमरी कार्डाएवढाच!

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला पुढची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. जून २००९ मध्ये अपडेट आलं आणि त्याच जुन्या आयफोन थ्रीजीवर कॉपी-पेस्ट आणि एमएमएस चालू झालं. फोन तोच, नवा खर्च शून्य. नोव्हेंबर २०१० पर्यंत त्याला अपडेट मिळत राहिले. विकत घेतलेली वस्तू खिशात बसल्या बसल्या सुधारते, ही कल्पना तेव्हा ग्राहकाच्या हिशेबात बसतच नव्हती. आज फोन घेताना आपण पहिल्यांदा विचारतो, अपडेट किती वर्षं?

मात्र एक रकाना आयफोन आणि त्याचे प्रतिस्पर्धी अँड्रॉइडवाले, दोघांचाही बराच काळ रिकामा होता: आपली भाषा. २००८ च्या आयफोनमध्ये मराठी कीबोर्ड नव्हता. अँड्रॉइडचे मेनू मराठीत आले ते २०१४ अखेरच्या लॉलीपॉप आवृत्तीत. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यासाठी ३१,००० चा फोन आणि १,५०० चा फोन यांत फरक किती उरतो, विचार करा.

माझं मत सांगतो. २००८ मध्ये जळगावात नोकिया घेणं हा शहाणा सौदा होता आणि आयफोन घेणं हा पुढच्या काळावर लावलेला पैसा होता. जाहिरातीतली किंमत दोन्हीबद्दल काहीच सांगत नव्हती. आजही कुणी तुम्हाला हप्त्यावर फोन गळ्यात मारत असेल, तर तीन गोष्टी विचारा. सगळे हप्ते आणि रिचार्ज मिळून दोन वर्षांत एकूण किती जातील? याच्यातलं भारी नेटवर्क माझ्या गल्लीत पकडतं का? आणि घरातल्या आजीला हा तिच्या भाषेत वापरता येईल का?

या भागात एवढंच. तुमच्या घरात पहिला स्मार्टफोन कोणता आला आणि किती रुपयांना, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!