विधिसंशोधन-डेटाबेस आणि सार्वजनिक विधिग्रंथालय

विधिसंशोधन-डेटाबेस : न्यायालयांचे निवाडे, विधिमंडळांचे कायदे, त्यांखालील नियम आणि त्यांवरील भाष्ये यांचा शब्दावरून, कलमावरून किंवा खटल्याच्या नावावरून शोध घेता येईल असा संगणकीय संग्रह. वर्गणी भरणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्यांत तो असतोच. परंतु ज्या पक्षकारास वकील देणे परवडत नाही, त्याची या संग्रहाशी गाठ पडते ती बहुधा सार्वजनिक विधिग्रंथालयात, म्हणून या दोहोंचा विचार एकत्रच करणे उचित होय.

पूर्वनिर्णय बंधनकारक मानणाऱ्या न्यायपद्धतीत निवाडा हाती लागणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो अद्याप प्रमाण आहे किंवा कसे हे कळणे महत्त्वाचे. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड याने १८७३ मध्ये, एखाद्या निवाड्याचा पुढे कोठे कोठे उल्लेख झाला याची नोंद असलेल्या व ग्रंथाच्या समासात डकवावयाच्या चिठ्ठ्या छापण्यास आरंभ केला, तो याच गरजेपोटी. पुढे १९७३ मध्ये ‘लेक्सिस’ व १९७५ मध्ये ‘वेस्टलॉ’ हे संगणकीय संग्रह सुरू झाले आणि चिठ्ठ्यांचे ते काम यंत्राकडे आले.

कॅलिफोर्नियात १८९१ च्या कायद्याने काउंटीवार विधिग्रंथालयांची तजवीज झाली. दिवाणी दावा दाखल करताना भरावयाच्या फीतील काही हिस्सा त्यांच्या खर्चासाठी जातो, म्हणजे न्याय मागणाऱ्यांच्याच पैशातून न्यायाचे ज्ञान सर्वांस खुले राहते. असे सशुल्क डेटाबेस वाचकास तेथील संगणकावर विनामूल्य पाहता येतात. मात्र परवान्याच्या शर्तींमुळे पुष्कळदा ग्रंथालयाच्या वास्तूतच बसून पाहावे लागतात. ग्रंथपाल साधन दाखवितो, शोधाची रीत समजावितो. पण अमुक दाव्यात अमुक करावे असा कायदेशीर सल्ला तो देत नाही, कारण तो वकिलाचा अधिकार होय.

शोधाचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असावा. प्रथम भाष्यग्रंथ पाहून विषयाची परिभाषा जाणून घ्यावी, कारण भाडेकरू ज्याला ‘घराबाहेर काढणे’ म्हणतो त्याला कायद्याच्या भाषेत ‘निष्कासन’ म्हणतात, आणि यंत्र बहुधा लिहिलेलाच शब्द शोधते. नंतर मूळ कलम व त्याच्या दुरुस्त्या पाहाव्यात. मग न्यायालय, प्रांत व कालखंड मुक्रर करून, सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून निवाडे धुंडाळावेत. निवाड्याच्या शिरोभागी दिलेला गोषवारा बहुधा संपादकाचा असतो, न्यायाधीशाचा नव्हे. सबब मूळ मजकूर वाचल्यावाचून त्याचा आधार घेऊ नये. अखेरीस पुढील काळातील उल्लेख तपासून निवाडा रद्दबातल झाला नाही ना, याची खातरजमा करावी.

या शेवटच्या पायरीची निकड भारतीय उदाहरणाने स्पष्ट होते. आणीबाणीत जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठीही नागरिकास न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा ‘ए.डी.एम. जबलपूर’ खटल्यातील १९७६ चा बहुमताचा निर्णय आजही संग्रहात शब्दशः सापडतो. तथापि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये ‘पुट्टस्वामी’ खटल्यात तो अमान्य ठरविला, हे ज्याने पाहिले नाही त्याचे संशोधन त्याला नेमके विपरीत दिशेस नेईल.

भारतात निर्णयसंग्रहाचे कार्य १८७५ च्या ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ अधिनियमाने शासकीय पायावर आले. १९१४ पासूनचे निवाडे ग्रथित करणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपुराहून निघत आला, ही महाराष्ट्रास भूषणावह गोष्ट होय. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णय जानेवारी २०२३ पासून ‘ई-एससीआर’ या संग्रहाद्वारे सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहेत. तथापि संग्रह खुला झाल्याने तो वापरण्याची रीत आपोआप येत नाही. कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालय मान्य करीत नाही; म्हणून तो कायदा शोधण्याचे साधन आणि ते हाताळावयास शिकविणारा ग्रंथपाल, ही दोन्ही प्रत्येक नागरिकाच्या आवाक्यात असणे हे न्यायाचेच अंग मानले पाहिजे.