दोन इंजिनांच्या जुन्या बोटीची इंजिनं बदलताना

"एकच इंजिन गेलंय, तेवढंच बदललं तर?" ट्रॉम्बे जेट्टीवर मला हा प्रश्न विचारला गेला. माझं उत्तर: जमत असेल तर दोन्ही एकदम बदला. एक नवं आणि एक जुनं असेल, तर जोर सारखा राहत नाही. बोट एका बाजूला ओढते.

हॉर्सपॉवर किती? पाणी कापत चालणाऱ्या बोटीचा वेग तिची लांबी ठरवते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. २५ फुटांना साधारण ६.७ नॉट येतात. त्यापुढे मोठं इंजिन घेतलं, तर मुख्यतः डिझेलच जास्त जळतं.

पंखा आणि गिअरबॉक्स: जुना पंखा नव्या इंजिनाला जड पडला, तर पूर्ण आरपीएम मिळत नाही आणि काळा धूर येतो. दोन पंखे बहुधा एकमेकांच्या उलट फिरतात. म्हणून गिअरबॉक्स मागवताना दिशा लिहून द्या.

शाफ्ट: किनाऱ्यावर ओढलेली बोट पाण्यात गेल्यावर किंचित आकार बदलते. शेवटचं अलाइनमेंट पाण्यातच करा. १०० मिमीच्या कपलिंगला फटीतला फरक साधारण ०.१ मिमीच्या आत हवा.

ठाणे खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. तिथे एक इंजिन बंद पडलं, तर दुसऱ्याने घरी यायचं असतं. पण टाकी एकच असेल आणि डिझेलमध्ये पाणी शिरलं, तर दोन्ही बंद. त्यामुळे टाकी, फिल्टर आणि बॅटरी प्रत्येकाची वेगळी ठेवा.