वाळूखालचा आवाज

कानाला हेडफोन लावून, हातातली दांडी वाळूवरून हळूहळू फिरवत जाणारा माणूस आपण सिनेमात पाहिलेला असतो. त्याच्या हातात असतो मेटल डिटेक्टर. समुद्रकिनाऱ्यासाठी तो कोणता घ्यावा, असे विचारले तर दुकानदार किमती सांगेल. मी इतिहास सांगेन, कारण निवडीचे निकष त्यातच आहेत.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळीबार झाला. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. तारेच्या वेटोळ्याजवळ धातू आला की कानाशी धरलेल्या टेलिफोनमध्ये आवाज उमटावा, असे यंत्र त्यांनी जुळवले. दोनदा प्रयत्न झाला. गोळी सापडली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी घोटाळा केला. शिवाय गोळी उजव्या बाजूला आहे, असे डॉक्टरांनी ठरवूनच टाकले होते. ती होती डावीकडे. १९ सप्टेंबरला अध्यक्ष गेले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचा लष्करी अधिकारी युझेफ कोसाट्स्की याने ब्रिटनमध्ये सुरुंग शोधणारे यंत्र तयार केले. एका सैनिकाला उचलता येईल, इतकेच त्याचे वजन होते. १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत अशी पाचशे यंत्रे वाळवंटात उतरली. कोसाट्स्कीने पेटंट घेतले नाही. त्या वाळूत यंत्र वाजले की सैनिकाच्या काळजाचा ठोका चुकत असे. किनाऱ्यावरच्या हौशी माणसाचा आज आनंदाने चुकतो.

युद्ध संपले आणि शिल्लक यंत्रे बाजारात आली. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर किप वॅग्नर नावाच्या बांधकाम कंत्राटदाराला वादळानंतर जुनी स्पॅनिश नाणी सापडत. लष्कराचा असाच एक जुना डिटेक्टर घेऊन तो किनारा धुंडाळू लागला. ३१ जुलै १७१५ च्या चक्रीवादळात स्पेनच्या ताफ्यातली अकरा जहाजे तिथे बुडाली होती. यंत्राने त्याला वाचलेल्या खलाशांच्या तळाची जागा दाखवली. नाण्यांमागची माणसे अशी वर आली.

आता निवड. ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते. त्यामुळे एकाच कंपनसंख्येवर चालणारे साधे यंत्र कोरड्या वाळूत नीट चालते, पण लाटांजवळ उगाच बडबडते. विजेचे आखूड ठोके सोडणारे ‘पल्स इंडक्शन’ यंत्र मिठाला फारसे भीत नाही, खोलवर ऐकते. मात्र त्याला खिळा आणि अंगठी यांतला फरक नीट कळत नाही. अनेक कंपनसंख्या एकदम वापरणारे यंत्र मधला मार्ग काढते. पाण्यात उतरायचे तर ते जलरोधक हवे.

आणि यंत्राइतकाच कायदाही माहीत हवा. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरला लेखी कळवण्याचे बंधन आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने घातले.

मित्रहो, बेलचे यंत्र बिछान्यातल्या तारांनी फसले आणि माणसाच्या खात्रीनेही. यंत्र कोणतेही घ्या. काय सापडणार हे आधीच ठरवून किनाऱ्यावर जाऊ नका.