अणुकेंद्रीय संरक्षक कवचांचे तंतु-संवेदकांद्वारे निरीक्षण
अणुकेंद्रीय विक्रियक ज्या काँक्रीटच्या घुमटाकार इमारतीत असतो तिच्यातील सूक्ष्म विकृती काचतंतूतील प्रकाशाच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत. अपघातात किरणोत्सर्गी द्रव्ये अडविणारा हा शेवटचा अडथळा होय.

ही कवचे बहुधा पूर्वप्रतिबलित काँक्रीटची असतात. ताणलेल्या पोलादी केबली भिंतीला आवळून धरतात. परंतु काँक्रीटचे आकुंचन व विसर्पण आणि पोलादाचे शिथिलन यांमुळे ही पकड कालांतराने सैल होते. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी केबली ग्रीजमध्ये ठेवलेल्या असल्याने त्यांतील ताण पुन्हा मोजता येतो. फ्रान्समध्ये बहुतेक केबलींभोवती सिमेंटचा लगदा भरून त्या कायमच्या जखडतात. मग भिंतीच्या अंतरंगाची स्थिती काँक्रीटच्या विकृतीवरूनच ताडावी लागते.

हे अंतरंग दगा देऊ शकते. कर्नाटकातील कैगा येथे मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच आतील कवचाच्या घुमटाचा खालचा थर सुटून कोसळला. वक्र केबलींमुळे जाडीच्या दिशेने निर्माण होणारा ताण तेथे पुरेसा पेलला गेला नव्हता. इंधन भरलेले नव्हते, हे सुदैव. फ्लॉरिडातील क्रिस्टल रिव्हर येथे २००९ मध्ये भिंतीला द्वार पाडताना तिच्या जाडीत फूट आढळली. तो विक्रियक पुन्हा सुरू झाला नाही व २०१३ मध्ये तो कायमचा बंद करण्यात आला.

विकृतिमापनासाठी प्रथम कंपमान तारेचे मापक आले. फ्रेंच अभियंते आंद्रे क्वान यांनी १९३० नंतरच्या दशकात ते धरणांत रूढ केले. ते अतिशय टिकाऊ आहेत. परंतु प्रत्येक मापक एकाच जागेची वार्ता देतो आणि काँक्रीटमध्ये पुरल्यावर बिघडल्यास बदलता येत नाही.

कॅनडातील केनेथ हिल व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७८ मध्ये काचतंतूच्या गाभ्यात प्रकाशानेच जालक उमटविता येते असे आढळले. १९८९ मध्ये मेल्ट्झ प्रभृतींनी जंबुपार किरणांनी ते बाजूने कोरण्याची रीत काढली; त्याच वर्षी मेंडेझ व सहकाऱ्यांनी काँक्रीटमध्ये तंतू पुरण्याचा विचार मांडला. तंतू ताणला की जालकाने परावर्तित केलेल्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. १,५५० नॅनोमीटरच्या आसपास दशलक्षांश एक विकृतीस ही वाढ सु. १·२ पिकोमीटर, तर १° से. तापमानवाढीस सु. १० पिकोमीटर असते. म्हणजे एका अंशाची ऊब सु. आठ दशलक्षांश विकृतीचा भास निर्माण करते. काँक्रीट ताणाखाली सु. १०० दशलक्षांश विकृतीलाच तडकत असल्याने ही चूक क्षम्य नाही. तापमानासाठी ताणमुक्त ठेवलेला निराळा तंतू लागतो.

पुढे तंतूतील प्रकाशाच्या प्रकीर्णनावरून त्याच्या सबंध लांबीवर मापन करणे शक्य झाले, त्यामुळे तड नेमकी कोठे जाणार हे आधी ओळखण्याची गरज उरली नाही. फ्रान्सच्या वीज मंडळाने पॅरिसजवळ २०१५ च्या सुमारास उभारलेल्या एक-तृतीयांश आकाराच्या व्हेर्कोर्स या प्रतिकृतीत असे तंतू पुरलेले आहेत. भिंत तिपटीने पातळ असल्याने ती नऊपट वेगाने सुकते. सात वर्षांत साठ वर्षांचे वार्धक्य पाहता येते.

जुन्या कवचांत मात्र तंतू पृष्ठभागावरच चिकटवावा लागतो, आणि कैगासारखी जाडीच्या आतील फूट त्याला कळेलच असे नाही.